पंख्याची साथ

पापडी गावातल्या हॉलमध्ये एक तरुण मुलगी लॅपटॉप, किसणी आणि सुकेळ्यांचं, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचं, पुडकं घेऊन संगीताचा कार्यक्रम करायला बसली होती. पुडक्याच्या वाळक्या पानावर ती नख फिरवायची, माइक तो आवाज उचलायचा आणि कॉम्प्युटरमधून तिथल्या तिथे समुद्र उठायचा. दर आवाजानंतर ती मान तिरकी करून थांबे, समोरच्याचं बोलणं पुरं होऊ द्यावं तशी. डोक्यावरचा पंखा करकरत होता. तिला त्रास नको म्हणून मी उठून तो बंद केला. तिचे हात थांबले.

“काका, पंखा लावा ना. तो साथीला होता माझ्या.”

लावला. त्याच्या करकरीवर तिने किसणीचा ठेका धरला आणि अख्खा हॉल माना डोलवू लागला.

आमच्या बेडरूममधला पंखाही करकरतो. बायको रोज म्हणते, इलेक्ट्रिशियनला बोलवा. मी टाळतोय.