ट्रॅक्टरच्या रुंदीची काठी

संध्याकाळी दिवे लागायच्या आधी नाना आमच्या बोळातून यायचे, ते हातात एक बांबूची काठी आडवी धरून. दोन्ही हातांनी, पोटासमोर, भरलेलं ताट सांभाळावं तशी. बोळाच्या दोन्ही अंगांना भाड्याच्या खोल्या. प्रत्येक दारासमोर कुणाची मोटारसायकल, कुणाची बादली, कुणाचा रिकामा सिलिंडर. काठीचं टोक ज्याला लागेल तिथे नाना थांबायचे. हाक नाही, दार वाजवणं नाही. काठी तशीच टेकवून उभे. आतलं माणूस कधीतरी बाहेर यायचं, वस्तू भिंतीला सरकवायचं आणि नाना पुढे निघायचे.

मी राहायला आले त्या पहिल्याच आठवड्यात काठी माझ्या चपलांच्या रॅकला लागली. मी कंपनीतून येऊन बुटांसकट पलंगावर पडले होते. जाळीच्या दारातून पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा दिसत होता, रॅकला काठी लावून शांत उभा. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की माझं वाक्य आधी मनात इंग्रजीत तयार होतं आणि मग मराठीत येताना अडकतं. मी उठून नुसता रॅक आत ओढला.

"काठी गेली की ट्रॅक्टर गेला," नाना म्हणाले, आणि गेले.

मी थेरगावची. रोजची ये-जा तळवड्याच्या ट्रॅफिकमध्ये संपत होती, घरी फक्त झोपायला पोहोचत होते, म्हणून महाळुंग्यात कंपनीजवळ खोली घेतली. खोल्या नानांच्या, म्हणजे त्यांचा मुलगा विलास याने बांधलेल्या. बोळाच्या आतल्या टोकाला त्यांचं जुनं अंगण होतं. तिथे नाना आणि त्यांची बायको, म्हणजे काकू, राहत, आणि पत्र्याच्या छपराखाली तो ट्रॅक्टर.

ट्रॅक्टर म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतो तो नव्हे. हा बागेतला होता, गवत कापायचा. खुर्चीएवढा उंच, पोटाखाली गोल फिरणारं पातं. नाना जन्मभर ज्या कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये होते, तिथल्या हिरवळीवर हा ट्रॅक्टर चालायचा. नाना सांगत, "आमी आत पत्रा दाबायचो. धाड, धाड. खिडकीतनं बगावं तर माळी यावर बसून फिरतोय. हळू. सावलीतनं उन्हात, उन्हातनं सावलीत. सगळ्या कंपनीत बसून काम करनारी दोनच मानसं, एक सायब आन एक त्यो." पुढे हिरवळीवर नवी शेड आली, ट्रॅक्टर भंगारात गेला. रिटायर झाल्यावर नानांना तो कुदळवाडीत एका भंगारवाल्याकडे दिसला, इंजिन जाम, टाकी गंजलेली. त्यांनी तो घरी आणला. शेती करायची म्हणून नाही, शेत उरलंच नव्हतं. नुसतं बसून फिरायचं होतं.

आणला तेव्हा एकाच बाजूला खोल्या होत्या. मग विलासने दुसरी बाजू बांधली आणि मधे राहिला तो बोळ. नानांनी तेव्हा चाकापासून चाकापर्यंत काठी तोडली आणि गवंड्याच्या हातात दिली, "याच्यापेक्षा आत येऊ नगं." ती काठी पुढे त्यांनी सोडलीच नाही.

समोरच्या खोलीतला लातूरचा गजानन रोज वैतागायचा. "कशाला गाडी काढायला लावताव हो नाना? ट्रॅक्टर तर बंदच हाय की!"

"बंद हाय म्हनून तर. चालू झाल्यावर वाट शोधत बसू का?"

सकाळी ब्रश करताना मी त्यांचं काम बघायची. ते घाई कधीच करत नसत. जाम झालेल्या इंजिनमध्ये डिझेल आणि जळकं ऑइल ओतून ठेवलं होतं. रोज चहा झाला की ते इंजिनचं चाक हाताने फिरवून बघत. "आज न्हाई हालला. उद्या हालंल," एवढं म्हणून हात पुसायचे. टाकीतला गंज काढायला तीत बारीक खडी आणि रॉकेल घालून ती मांडीवर घेऊन हलवत बसायचे, बाळाला जोजवावं तशी. रंग मात्र त्यांनी लावला नाही. जिथे माळ्याचा गुडघा घासून पत्रा उघडा पडला होता, तो भाग फक्त तेलाच्या फडक्याने पुसायचे.

काकू ओट्यावरून बोलायच्या, "त्याला पाजलं तेवढं तेल माझ्या गुडघ्याला चोळलं असतं, तर मी देहूपत्तुर पळत गेले असते."

"तुज्या गुडघ्याचं पार्ट मिळत न्हाईत," नाना.

एकदा मडगार्ड अडकवायचा पत्र्याचा कान तुटला. गजानन वेल्डिंगच्या कामावर होता, म्हणाला, "द्या, एका मिनटात चिकटवून देतो." नानांनी दिला नाही. दोन दिवस घासून, भोक पाडून, पट्टी लावून तो बोल्टने जोडला. "वेल्डिंग मारलं की विषय संपला. नट-बोल्टला माघारी यायची वाट असती," ते म्हणाले. हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. जावयाशी झालेल्या भांडणापासून कंपनीच्या संपापर्यंत कशालाही ते हेच लावत.

माझ्याशी ते फार बोलत नसत. एकदाच विचारलं, "पोरी, तू बोलत न्हाईस का कुनाशी?" मी खांदे उडवले. "बरं हाय," ते म्हणाले, "प्रेस शॉपनं माजं अर्धं कान नेलं. उरलंय त्ये इंजिनाला ठेवलंय." मला त्या माणसाजवळ उभं राहायला बरं वाटायचं, कारण तिथे उत्तर द्यावं लागत नसे.

एका सकाळी ते जाळीच्या दाराशी आले. "हालला," म्हणाले. माझ्या तोंडून "काँग्रॅच्युलेशन्स" निघून गेलं. नाना म्हणाले, "तुला पन."

पण चाक हलणं वेगळं आणि इंजिन चालू होणं वेगळं, आणि मधे जिना आला. विलास वरचा मजला बांधत होता. बोळाच्या तोंडाशी लोखंडी जिना बसवल्याशिवाय वरच्या खोल्यांना वाट नव्हती, आणि जिना बसला की काठी जाणार नव्हती. हे बोलणं माझ्या दारासमोरच झालं. विलास कंपनीच्या निळ्या शर्टात होता, डोळे लाल.

"नाना, वरच्यांनी हवेतनं चढायचं का?"

"बसव की जिना. आदी हा एकदा भाईर पडू दे."

"मग चला, आत्ता उचलून नेतो. चौघं हात लावतो."

"उचलून मढं नेत्यात. हा सोताच्या पायानं जाईल."

विलास भिंतीला टेकला. "चाकणच्या चौकात दोन तास उभा होतो. मला भांडायला लावू नका. गणपतीपर्यंत थांबतो."

त्यानंतर नाना पहिल्यांदा घाईत दिसले. प्लग काढून घासला, पुन्हा लावला. कार्ब्युरेटर उघडून त्याची भोकं सुईने साफ केली. पिठाच्या गिरणीतून टाकून दिलेला पट्टा आणून बसवला. दोरी ओढून ओढून खांदा दुखायला लागला की पायरीवर बसत. "दमलो म्हनायला पन ताकद लागती," असं काकूंना सांगताना मी ऐकलं.

श्रावणातल्या एका रविवारी इंजिन लागलं. आधी एक ठसका, मग बोळभर पांढरा धूर. गजानन टॉवेलवर बाहेर आला, "सिलिंडर फुटला का काय!" काकू पिठाच्या हातांनी दारात. नाना सीटवर बसले होते आणि चेहरा अगदी कोरा होता. मला वाटलं आता हसतील. त्यांनी काठी माझ्याकडे धरली.

"तू म्होरं हो."

वीस-पंचवीस माणसं दारांत उभी असताना हातात आडवी काठी घेऊन चालायचं, हे माझ्यासारखीला काय असतं, ते सांगता येत नाही. मान खाली घालून चालले. मागून फट्-फट् आवाज चालण्याच्याच वेगाने येत होता. कुठेही काही अडलं नाही. सगळ्यांनी सगळं आत घेतलं होतं, गजाननने तर मोटारसायकल खोलीतच नेली होती.

दोन कंपन्यांच्या भिंतींच्या मधे एक मोकळा प्लॉट होता, कंबरभर गवताचा. नानांनी कडेच्या आखूड गवतात पातं खाली सोडलं आणि फेऱ्या मारायला लागले. भिंतीपलीकडच्या सिक्युरिटीवाल्याने हटकलं, "ओ नाना, कुणी सांगितलंय कापायला?"

"गवतानं!"

नंतर त्यांनी मलाही बसवलं. चोक ओढायचा, लिव्हर अर्ध्यावर, दोरी एका झटक्यात. मी एक चक्कर मारली. बाजूने रस्त्यावर कंटेनर जागच्या जागी उभे होते आणि मी त्यांच्यापेक्षा जोरात जात होते. माझं हसू मला ऐकू आलं. नाना बाजूने चालत होते. "कंपनीत बसून काम करनारी आता तिसरी," म्हणाले.

असे पाच-सहा रविवार झाले. गणपती आले आणि गेले, विलासने जिन्याचं नाव काढलं नाही. मग एका दुपारी तो जेवताजेवता झोपला. हातात घास, अंगावर कंपनीचा शर्ट. काकूंनी त्याच्या हातातला घास काढून ताटात ठेवला. नाना बराच वेळ बघत होते. संध्याकाळी त्याला म्हणाले, "लाव जिना. म्या फिरलो."

"ट्रॅक्टर बाहेर कुठं ठेवायचा?"

"भाईर नगं. सकाळी कुदळवाडीत सापडंल, त्योबी किलोनं. अंगनात ऱ्हाऊ दे."

जिना बसला. वरच्या खोल्या भरल्या. नानांनी काठी छपराच्या वाशाला अडकवली आणि संध्याकाळचं येणं बंद केलं. बोळात बादल्या, सायकली, सिलिंडर पुन्हा पुढे सरकले. रविवारी नाना अंगणातच इंजिन चालू करायचे आणि सीटवर बसून राहायचे. चाकं जागच्या जागी.

"काय नाना, पोचलाव का?" गजानन विचारायचा.

"चाकनच्या ट्रॅफिकमदी हाय," नाना म्हणायचे.

पुढच्या उन्हाळ्यात नाना गेले. दुपारी खाटेवर पडले, ते उठलेच नाहीत. तिरडी बोळातून हातांवर आणली. जिन्यापाशी ती तिरकी करावी लागली, आणि विलासने डोक्याच्या बाजूला आपला हात लोखंडावर धरला, नानांचं डोकं आपटू नये म्हणून.

तेरावा झाल्यानंतरच्या रविवारी मी शिफ्टवरून आले, तर विलास जिन्याच्या खालच्या पायरीपाशी उकिडवा बसलेला. हातात पाना. जिना मी रोज बघत होते, पण नीट कधी पाहिला नव्हता. वरचा सगळा भाग वेल्डिंगचा होता. खालच्या पायऱ्यांचा टप्पा मात्र चार मोठ्या बोल्टांनी जोडलेला होता. तो काढून बाजूला उभा केला की बोळ पूर्ण मोकळा.

"बसवतानाच सांगितलेलं फॅब्रिकेटरला, मॅडम," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "नानांना सांगायचं राहिलं. सेकंड शिफ्ट, मग स्लॅबचं काम, मग बायको आजारी. म्हटलं एखाद्या रविवारी उघडू, तेव्हाच सांगू. रविवारी झोपच उघडायची नाही."

मी पिशवी खाली ठेवली.

त्याने पहिल्या नटाला पाना लावला आणि जोर दिला. इतके महिने उघड्यावर राहिलेला नट, त्याला वाटलं अडेल. नट लोण्यासारखा फिरला आणि विलास मागे कलंडला. त्याने बोट लावून बघितलं. बोटावर पिवळं ग्रीस आलं, ताजं, स्वच्छ. दुसऱ्या नटाला तेच, तिसऱ्याला, चौथ्याला. ग्रीसचा तो डबा अंगणात छपराखाली होता, मी ओळखत होते.

विलासने ते ग्रीस दोन बोटांत चोळून बघितलं.

नानांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत असणार, नट-बोल्ट त्यांच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. पण तो टप्पा काढायला दोन माणसं लागतात, आणि रविवार हा विलासचा झोपेचा एकच दिवस. त्यांनी त्याला उठवलं नाही. ग्रीस लावत राहिले.

"चालू करता येतो का तुम्हाला?" विलासने शेवटी विचारलं.

मी मान हलवली. त्याने आणि गजाननने टप्पा काढून भिंतीला लावला. मी अंगणात गेले, त्याला चोक दाखवला, लिव्हर दाखवली. दोरी त्याने ओढली. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, विलास सीटवर बसला.

मी वाशाची काठी काढली आणि पुढे झाले. सहा-सात पावलांवर वरच्या मजल्यावरच्या कुणाची तरी सायकल होती. काठीचं टोक तिला लागलं. मी काठी तशीच टेकवून उभी राहिले.