साहेबांचा फ्रिज

मेच्या शेवटच्या शुक्रवारी आमचे साहेब निवृत्त झाले. संध्याकाळी पाचला शाल-नारळ झाला आणि साडेपाचला माती तपासणी प्रयोगशाळेचा फ्रिज रिकामा करण्यात आला. आतून आमरसाच्या अकरा बरण्या निघाल्या. मातीचा नमुना एकही निघाला नाही.

भेस्तानच्या त्या प्रयोगशाळेत मी सात वर्षे त्यांच्या हाताखाली तपासनीस होते. केबिनचा एसी ते अठरावर ठेवत. शेतातून आलेल्या मातीच्या पिशव्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत जात. मातीतले सूक्ष्मजीव जी एन्झाइम बनवतात, ती उकाड्यात काही दिवसांतच मंदावतात, म्हणून नमुना थंड ठेवावा, असा तक्ता भिंतीवर होता. त्यावर सही साहेबांचीच होती.

"माती जन्मभर उन्हात पडलेली असते," असे ते प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवत. "तिला कसली थंडी लावताय?" मग स्वतःच हसत.

बरण्या आत रचण्याचे काम लिंबायतच्या भिकनभाऊंचे. ते शिपाई, मूळचे धुळ्याकडचे. एकदा ते तोंडावर म्हणाले, "रसले थंडक आनि माटीले पत्रा! वा, साहेब!" साहेबांनी त्यांना वाटीभर रस दिला. दरवर्षी सगळ्यांनाच मिळे. रस उत्तम असे, हे नोंदवले पाहिजे. मीही खाल्ला आहे.

मेच्या सुरुवातीला बारडोलीचे मगनकाका उसाच्या शेतातली माती घेऊन आले. चार वर्षे त्यांनी त्या तुकड्यात फक्त शेणखत आणि पाचट घातले होते. "बेन, माती जिवंत निघाली तर छोकरा ऐकेल," ते म्हणाले. "नाहीतर वरची माती वीटभट्टीला द्यायची म्हणतो तो."

पिशवी पत्र्याखाली गेली. त्यातली अर्धी माती मी घरी नेऊन दुधाशेजारी फ्रिजमध्ये ठेवली. आठवड्याने दोन्ही तपासल्या. माती जिवंत असेल तर या चाचणीत लाल रंग गडद येतो. पत्र्याखालच्या मातीचा फिका आला, घरच्या मातीचा गडद. दोन्ही नळ्या साहेबांसमोर धरल्या.

"घरच्या फ्रिजातला आकडा शिक्क्याच्या कागदावर चढत नाही, बाई," ते म्हणाले आणि फिक्या नळीच्या अहवालावर सही केली. 'जैविक क्रिया: अत्यल्प.' तो अहवाल टपालात मीच टाकला. मगनकाकांना फोन केला नाही.

शुक्रवारी साहेबांनी बरण्या नमुन्यांच्या बर्फपेटीतून घरी नेल्या. शेतातून माती आणण्यासाठी घेतलेली ती पेटी त्या दिवशी पहिल्यांदा उघडली गेली.

सोमवारी मी बारडोलीला फोन लावला. मुलाने उचलला. अहवाल चुकीचा असल्याचे मी त्याला सांगितले.

"हवे शुं, बेन? आता काय उपयोग?" तो म्हणाला. "ट्रॉल्या केव्हाच गेल्या. बापुजी बोलत नाहीत माझ्याशी."

भट्टीवाल्याकडे चौकशी केली. त्या मातीच्या विटा पाडून, वाळवून झाल्या होत्या. पावसाआधीची शेवटची भट्टी शनिवारी पेटली होती.