ढवळूचे ट्रान्झिस्टर

खोडाळ्याच्या ढवळू भोयेचं वय बावन्न, दिसतो साठीचा, आणि त्याबद्दल त्याची कुणाकडे काही तक्रार नाही. एकोणीस वर्षं त्याने वसईकडच्या एका कारखान्यात सर्वो मोटरींचे ड्राइव्ह दुरुस्त केले. सर्वो मोटर म्हणजे सांगाल तितकीच फिरणारी आणि सांगाल तिथेच थांबणारी मोटर, आणि तिला वीज मोजूनमापून देणारा डबा म्हणजे ड्राइव्ह. डब्यात सहा ट्रान्झिस्टर असतात. राबायचं त्यांनी आणि काही बिघडलं की आधी मरायचंही त्यांनीच. ते जळू नयेत म्हणून भोवती राखणदार बसवतात: कुठे फ्यूज, कुठे विजेचा उसळा गिळणारी चकती, कुठे मोटर झटक्यात थांबली की उलटी येणारी वीज जिरवणारा रेझिस्टर. ढवळूची उमर ह्या राखणदारांची राखण करण्यात गेली. त्यापायी पाठ गेली, डोळे गेले. सहा वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला तेव्हा तो गावी परतला आणि पडवीत टेबल मांडून मिक्सर, पंप, चक्क्यांचे स्टार्टर असं मिळेल ते उघडायला लागला.

शिल्लक म्हणून एकच गोष्ट त्याने आणली होती, ती म्हणजे नाव. बाजारात हलके ट्रान्झिस्टर पोत्याने मिळतात. जुनं नाव घासून वर नवं छापलेलं, दिसायला अस्सल. ते लावून भागवणारे पुष्कळ. ढवळू गिऱ्हाइकाला आठ दिवस थांबवायचा, शिव्या खायचा, पण मुंबईच्या ओळखीच्या दुकानातून खरा मालच आणायचा. एवढा एक हट्ट सोडला तर बाकी सगळ्याला तो कंटाळला होता, आणि हे तो स्वतःच सांगायचा.

म्हणूनच जव्हारच्या शिलाई केंद्राचं काम त्याच्याकडे आलं. तिथे चौदा मशिनी, प्रत्येकीच्या पोटाशी सर्वो मोटर आणि तिचा डबा. जामसर, वावरकडच्या बायका जीपने येऊन शाळेचे गणवेश शिवायच्या. मालक भिवंडीला, आणि इथला कारभार पराग नावाचा जव्हारचाच तरुण बघायचा. पोरगा वाईट नव्हता, पण वरून दट्ट्या बसला की तो खाली पोचता करण्यात हुशार होता. आदल्या वर्षी एकीने मशिनीत भलतंच तेल घातलं, तर दुसऱ्या दिवशी त्याने तिला जीपमध्ये चढूच दिलं नाही.

यंदा आषाढापासून डबे जळायला लागले. पहिला गेला, ढवळूने सहाही ट्रान्झिस्टर बदलले. पंधरवड्याने दुसरा गेला. त्याने चकत्या बदलल्या, रेझिस्टर तपासले, अर्थिंगचा खड्डा नव्याने भरून घेतला. तिसरा गेला. विजेचा दाब तो दिवसभर मीटर लावून बघत बसला, दाब ठीक होता. चौथा गेला तेव्हा परागने सगळ्या बायकांदेखत सांगितलं, की पाचवा जळला तर मालक मशिनी भिवंडीला परत नेणार आहे. आणि वर विचारलं, ढवळूभाऊ, माल खरा घालताय ना? ढवळूला कुणी थोबाडीत मारावी तसं झालं. त्या रात्री घरी येऊन तो जेवलाही नाही.

आठवड्याने तो कुणी न बोलावता पुन्हा केंद्रात गेला. मोटारसायकल गॅरेजात पडली होती, म्हणून एसटीतून उतरून पायी आला. एरवी त्याची गाडी चढावर ठणठणायला लागली की आत कळायचं. आज कुणाला काही कळलं नाही, आणि ढवळू दारात येऊन उभा राहिला.

चौदाही डब्यांना गोधड्या घातल्या होत्या. गणवेशाच्या चिंध्या जोडून शिवलेल्या, दुहेरी, नाडी बांधलेल्या. कोपरे असे नेटके की बघत राहावं. आत पंखा बिचारा कापड ओढत कण्हत होता.

त्याला बघताच बायकांची धावपळ झाली. मशिनींवर चिंध्या दिसता कामा नयेत असा परागचा हुकूम होता, म्हणून कुणाच्याही गाडीचा आवाज आला की त्या झटपट गोधड्या सोडून लपवून ठेवायच्या. ढवळूने हात वर करून थांबवलं आणि हे कुणी शिवलं म्हणून विचारलं.

वावरची माघी पुढे आली. तीस-बत्तीसची, अंगाने काटकुळी, केंद्रातली सगळ्यात सफाईची शिवणारी. तिला वाटलं, शाबासकी मिळणार.

"तुमीच सांगला ना दादा, डब्याला पोरासारखा जपा, धूळपाणी लागू देऊ नका," ती म्हणाली. "मंग मी जपला."

सांगितलं होतं खरं. ज्येष्ठात, चहा पिता पिता, नेहमीच्या सवयीने. आणि पोर जपायचं म्हणजे काय ते माघीला ठाऊक होतं. तिची मुलगी सातव्या महिन्यातच झाली होती, मुठीएवढी. तिला चिंध्या-गोधडीत गुंडाळून, छातीशी धरून माघीने जगवली. ती पोर आता दुसरीत होती. माघीचा पगार सुरू झाल्यापासून दोन वर्षं घर दिवाळीनंतर मजुरीला वीटभट्टीवर गेलं नव्हतं, म्हणून शाळा तरी होती.

डबा मधेच बंद पडून लाल अक्षरं दाखवतो का, ढवळूने विचारलं. दाखवतो की, सगळ्याच म्हणाल्या. दमला असेल म्हणून त्या थोडा बसू द्यायच्या आणि मग पुन्हा चालू करायच्या. एवढ्यासाठी माणसाला खोडाळ्याहून कशाला बोलवायचं! लाल अक्षरं म्हणजे फार तापलेला डबा आपणहून बंद करणारा शेवटचा राखणदार; तो गळा काढून ओरडत होता आणि ह्या माउल्या त्याला विसावा देत होत्या. ढवळूला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

त्याने माघीचा हात धरून एका डब्याच्या पाठीवर ठेवला. चटका बसताच तिने तो मागे घेतला.

"माघे, याला थंडी नाय वाजत," तो म्हणाला. "याचा जीव गरमीनं जातो."

ती जळलेल्या चारही जागांकडे बघत राहिली. मग खाली बसून तिने एकेक नाडी सोडली. साहेबाला कळलं तर, एवढंच ती म्हणाली.

साहेब तेवढ्यात आलाच. गोधड्या तोवर कापडाच्या ढिगात गेल्या होत्या. परागने ढवळूला बघितलं आणि सरळ विचारलं, की दोष सापडला का, मालकाचा फोन येतोय, त्याला काय सांगू.

ढवळूने बायकांकडे पाहिलं. खरं सांगायचं तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. एकोणीस अधिक सहा वर्षांचं नाव जिथल्या तिथे धुऊन निघालं असतं. पण तो फार थकला होता, आणि थकलेल्या माणसाला एक बरं असतं, कुठलं ओझं आपल्याला पेलेल आणि कुठलं नाही हे त्याला नेमकं कळतं.

"माल हलका होता, साहेब," तो म्हणाला. "माझीच चूक."

परागने मान हलवली, जणू त्याला हे आधीच माहीत होतं. चारही डब्यांत त्याने नाशिकच्या माणसाकडून नवे ट्रान्झिस्टर घालून घेतले आणि पुन्हा एकही जळला नाही. दिवाळीपर्यंत जव्हारला आणि मोखाड्याला सगळ्यांना कळलं, की नाशिकवाल्याचा माल अस्सल आणि ढवळूचा नकली. पुरावाच होता. मशिनी जागेवर राहिल्या. माघीचं घर यंदाही वीटभट्टीवर गेलं नाही.

दिवाळीनंतरच्या बाजाराच्या दिवशी शेजारची ठकी चक्कीचा स्टार्टर घेऊन पडवीत आली. गेली सहा वर्षं ती वस्तू टेबलावर ठेवून न बोलता निघून जायची. ह्यावेळी ती उभी राहिली, पदर चाळवत.

"ढवळूदादा, राग नको मानू," ती म्हणाली. "पण माल बरा घालशील ना?"

ढवळूने चष्मा पुसला, स्टार्टर पुढे ओढला.

"घालीन," तो म्हणाला.