वानखडे सरांनी मला न सांगितलेली गोष्ट

संग्रामपूरच्या कॉलेजात वानखडे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते मैदानावर. निवृत्त शास्त्रज्ञ फुकट शिकवायला येणार म्हटल्यावर आम्हाला वाटलं, लंबंचौडं भाषण होईल. सरांनी एकाला चेंडू उंच फेकायला लावला आणि तो हवेतच दुसऱ्या चेंडूने पाडायला मला सांगितलं. माझे सगळे नेम हुकले.

सरांची उभी नोकरी अशाच कामात गेली. शत्रूचं क्षेपणास्त्र आकाशातच गाठून, त्याला धडकून फोडणारी क्षेपणास्त्रं ते घडवत. त्यांच्यात स्फोटकं नसतात, सगळी मदार धडकेवर.

"सर, जवळून गेलं तरी चालते न?" मी विचारलं.

"एसटी तुह्या जवळून गेली त तू मरतं काय बे? चेंडू आता कुठं हाय ते पाहू नको. पुढं कुठं असन, तिथं फेक."

वर्ग हसला. तीही हसली. तिचं नाव इथे लिहिणं बरं नाही. मी तिच्यासाठी वेडा झालो होतो आणि सरांनी ते ओळखलं होतं.

चाचणी यशस्वी होईपर्यंत घरीसुद्धा अवाक्षर काढायचं नाही, ही सरांची नोकरीतली शिस्त. माझ्या बाबतीतही त्यांनी तीच पाळली. तिला पाहायला पाव्हणे येऊन गेल्याचं कळलं आणि माझं डोकं फिरलं. परीक्षा सोडून मी सुरतेला निघून गेलो. त्याआधीच सरांनी तिच्या वडिलांना भेटून, माझा निकाल लागेपर्यंत थांबायला राजी केलं होतं. पोरगं परीक्षेलाच बसलं नाही म्हटल्यावर वडील कशाला थांबतील? ती आता सुलतानपूरला नांदते.

दिवाळीला मी वडनेर भोलजीला घरी आलो, तेव्हा सर स्वतः येऊन हे सांगून गेले.

"पक्कं झाल्यावर सांगू म्हणलं तुले."

"काऊन लपवलं सर? हे काय क्षेपणास्त्र होतं?"

"नव्हतं न. हेच त चुकलं माह्यं."

एवढा मोठा माणूस माझ्या आईसमोर असं बोलला. माझा राग तिथेच बसला.

सरांनी तालुक्यातल्या पोरांसाठी काय केलं, ते या गौरव अंकात इतरांनी लिहिलंच आहे. मला हळहळ एवढीच, की त्या दिवसापासून मी दिसलो की सर नजर खाली घालतात. ते मला बघवत नाही. सरांना भरपूर आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे धड राहोत, आणि बाजारात भेटल्यावर त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहून म्हणावं, "काय बे, कॉलेजात कधी येतं?"