शेळके गुरुजींचं खोकं

राजूरजवळच्या एका वाडीत गहिनीनाथ शेळके गुरुजींनी १९७२ साली शिकवायचं यंत्र बनवलं. लाकडी खोकं, बॅटरीचे सेल, तारा आणि एक बल्ब. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तरं. तारेची टोकं दोन्हीकडच्या खिळ्यांना लावायची; उत्तर बरोबर असलं की बल्ब लागायचा. त्यांच्या मुलीला, चांगुणाला, ऐकू यायचं, पण बोलता येत नसे. त्यामुळे वर्गात तिला कुणी काही विचारायचंच नाही. खोक्यापाशी मात्र ती सगळ्यांआधी बल्ब लावायची.

मी तेव्हा शाळा तपासायला जायची. बी.ए., बी.टी., आणि अक्कल बेताची. खोकं बघून म्हटलं, "झकास! शाळेच्या सामानाच्या डेडस्टॉक रजिस्टरात चढवा."

"नका, बाईसाहेब. एकदा नोंद झाली की हेडमास्तर कुलपात घालत्यात. मोडलं तर जाब द्यावा लागतो ना त्यांना."

"अहो, नियम आहे," म्हणत मीच नोंद करवून घेतली.

वर्षानं गेले, तर खोकं कपाटात, सेल पाझरून तारा गंजलेल्या. चांगुणा शाळेत नव्हती.

"महिनाभर कपाटापुढं बसायची," गुरुजी म्हणाले. "मग यायचीच थांबली."

"मग दुसरं करायचं की हो!"

"केलं. हात लावंना. तिला वाटतं, तिचंच कायतरी चुकलं म्हनून काढून घेतलं."

मी तडक त्यांच्या घरी गेले. मला बघताच पोरीनं दोन्ही हात पाठीमागं लपवले.