गाठीचा ग्राफ

माझी नोकरी मोजण्याची. चाकणच्या एका कंपनीत गिअरचे भाग बनतात, तिथे मी सव्वीस वर्षं क्वालिटीत आहे. तयार भाग हातात घ्यायचा, माप घ्यायचं, मर्यादेत बसला तर हिरवं लेबल, नाही बसला तर लाल. या कामाने माणसाला एक वाईट खोड लागते. जे मोजता येतं ते आपल्याला कळलं, असं त्याला वाटायला लागतं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी जिलबीचा व्यास नजरेने घेत बसतो आणि तोवर वाढपी पुढे निघून जातो.

त्यामुळे माझ्या जठरात गाठ निघाली तेव्हा मी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, "किती मिलिमीटर?"

चिंचवडच्या त्या दवाखान्यात ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्या म्हणाल्या, "अकरा सेंटिमीटर, काका."

म्हणजे एकशे दहा. सेंटिमीटर शाळेतल्या पोरांच्या कंपासपेटीत शोभतात, आमच्या शॉपमध्ये, म्हणजे यंत्रांच्या शेडमध्ये, ते कोणी बोलत नाही. हे मी त्यांना समजावून सांगितलं. बायकोने टेबलाखालून माझा पाय दाबला.

डॉक्टरांनी कागदावर जठर काढून दाखवलं. गाठ वरच्या टोकाला होती, अन्ननलिका जिथे येऊन मिळते तिथे. "आत्ता कापायला घेतलं तर सगळं जठर काढावं लागेल. तुमची गाठ ज्या जातीची आहे तिला एक गोळी लागू पडते, ते आपण तपासून घेतलंय. रोज एक, जेवणानंतर. काही महिन्यांत गाठ आटली की मला कापायला जागा मिळेल आणि तुमचं बरंचसं जठर वाचेल."

खरं सांगायचं तर त्या दिवशी मला मरणापेक्षा जठराची जास्त काळजी वाटली. सांगायला लाज वाटते, पण माझ्या आयुष्यातला निखळ आनंद म्हणजे अडीच भाकरी, खरडा आणि वर कोणी काही न बोलणं. जठर गेलं तर उरलं काय, असंच माझ्या मनात आलं.

बायकोने एकच विचारलं, "म्हंजे अस्तरासारखं?"

ती मूळची उदगीरकडची. काळेवाडीत आमच्या पुढच्या खोलीत वीस वर्षं ब्लाउज शिवते. डॉक्टरांना कळेना म्हणून तिने सांगितलं, की सुती अस्तर आधी पाण्यात भिजवायचं, आटू द्यायचं, वाळवायचं आणि मग कात्री लावायची. तसंच कापलं तर सगळा ब्लाउज वाया. डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या, "अगदी तसंच." एवढं मोठं वैद्यकशास्त्र चाललेलं आणि हिने मधे ब्लाउज आणला, म्हणून मी रिक्षात तिच्याशी बोललो नाही.

गोळी सुरू झाली. पाठोपाठ भेटायला येणारे सुरू झाले. कॅन्सरचं औषध म्हटल्यावर लोक माझं टक्कल बघायला येत. केस होते तसेच होते, त्याने काहींची सरळ निराशा झाली. गोळीने मळमळायचं, पिंढऱ्यांत गोळे यायचे आणि डोळ्यांभोवती सूज यायची. सुजेमुळे चेहरा भरल्यासारखा दिसे. सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "राव, तब्येत सुधारली की तुमची." नाश्ता ओकून टाकून मी नुकताच बाहेर आलो होतो.

तीन महिन्यांनी स्कॅन झालं, ब्याऐंशी. आणखी तीन महिन्यांनी एकसष्ट.

आता आमच्या विभागाची रीत अशी आहे, की तीन आकडे हाती आले की ग्राफ काढायचा. क्वालिटीच्या खोलीत पांढरा बोर्ड आहे. आमचा सुपरवायझर माझा जुना सोबती. तो आयटी पार्कजवळच्या माणचा, मूळ गावकरी. त्याच्या वडिलांच्या शेतावर आता काचेची इमारत आहे. त्याने बोर्डावर तीन ठिपके दिले, लांब स्टीलची पट्टी लावली आणि रेघ खाली ओढत नेली.

"शिमग्याला शून्य," तो म्हणाला. "बघा की. पट्टी काय खोटं बोलती व्हय? आन मग कापायचं कशाला? जे आपसूक जातंय त्येला कात्री न्हाई लावायची."

खोलीतल्या सगळ्यांना ते पटलं. कोणी म्हणालं, "भावा, बॉडीनेच रिवर्क केला," म्हणजे बिघडलेला भाग स्वतःच दुरुस्त केला. कोणी भेळ मागवली. मॅनेजरसाहेबांनी तर महिन्याच्या मीटिंगमध्ये तो ग्राफ दाखवला आणि विचारलं, की या वर्षी इतकं रिजेक्शन कोणी कमी करून दाखवलंय का. टाळ्या पडल्या. मी उभा राहून मान झुकवली, जणू गाठ मीच स्वतःच्या हाताने तासली होती.

तीन ठिपक्यांवरून रेघ ओढू नये, हे दरवर्षी नव्या इंजिनियरांना मीच शिकवतो. प्रोजेक्टर लावून शिकवतो. पहिल्यांदा अठ्ठावीस कमी झालं, दुसऱ्यांदा एकवीसच, म्हणजे वेग मंदावलाय, हे दुसऱ्या कुणाच्या पोटाचं असतं तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं. पण आपलं पोट म्हटलं की माणूस गणितातसुद्धा नवस बोलतो.

श्रावणात ऑपरेशनची तारीख मिळाली होती. मी ती पुढे ढकलायची ठरवली.

बायको मशीनवर होती. पाय न थांबवता म्हणाली, "कशाची वाट बघायलाव? कापड आटायचं तेवढं आटलं की कात्री लावायची. वाळत टाकून ठिवलं म्हणून कापड नाहीसं होत नाही."

"तुला ट्रेंड कळत नाही," मी म्हणालो.

"नाही कळत," ती म्हणाली आणि तिने दोरा तोडला.

डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं. "काका, ही गोळी गाठ घालवायला दिलेली नाही. माझं काम सोपं करायला दिलीय. तिचं काम आता होत आलंय. ही वेळ चांगली आहे." मी फोनमधला बोर्डावरच्या ग्राफचा फोटो त्यांना दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला, मग एक कागद पुढे केला. सल्ला देऊनही रुग्ण ऑपरेशन पुढे ढकलतो आहे, असं त्यावर होतं. मी सही केली. दिवसाला दोनशे भाग पास करताना करतो तीच सही, तितक्याच झटक्यात.

दसरा झाला आणि पुढचं स्कॅन झालं. गाठ एकसष्टच होती.

सुपरवायझरने बोर्डावर चौथा ठिपका दिला. तो रेघेच्या कितीतरी वर लोंबकळत राहिला. मग तो म्हणाला, "ह्यो ठिपका चुकीचा आसंल. त्यांच्या मशीनचं कॅलिब्रेशन झालंय का, इचारा." आमच्याकडे आकडा आवडला नाही की आधी यंत्रावर संशय घेतात. आणि मी खरोखर चिंचवडला गेलो, स्कॅनच्या खोलीबाहेर बसलेल्या माणसाला कॅलिब्रेशनचं स्टिकर दाखवा म्हणालो. तो बिचारा मला मनोविकाराच्या विभागाचा रस्ता सांगू लागला.

डॉक्टरांनी रागावून बोलावं असं मला वाटत होतं, पण त्या रागावल्या नाहीत. पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "गाठीचा एवढा कोपरा आता गोळीला जुमानत नाहीये. बाकीची थोडी आटली म्हणून आकडा तोच दिसतोय, पण हा कोपरा पुन्हा वाढायला लागलाय, जठराच्या चांगल्या भागाकडे. आता थांबता येणार नाही. थोडं जास्त काढावं लागेल." बायको त्यांच्याकडे बघत होती. मी फरशीकडे बघत होतो. मला तेव्हा खरी भीती वाटली, आणि ती कशात मोजतात ते मला माहीत नव्हतं.

ऑपरेशन नीट पार पडलं. गाठ गेली, गोळी अजून काही वर्षं चालू राहील. बोर्डावरचा ग्राफ सुपरवायझरने स्वतः पुसला. दवाखान्यात भेटायला आला तेव्हा खुर्चीच्या कडेवर बसून तो म्हणाला, "मला पट्टीच लावाया नको हुती." मी म्हणालो की सही माझी होती. मग आम्ही दोघे शॉपमधल्या नव्या मशीनबद्दल बोललो.

महिन्याभराने तपासणीला गेलो तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, "त्या तीन महिन्यांनी माझं किती जठर गेलं?" त्या म्हणाल्या, असं नेमकं सांगता येत नाही. मी हट्ट धरला. नेमकं न सांगता येणारं उत्तर घेऊन घरी जायची मला सवय नाही. तेव्हा शेजारून बायको म्हणाली, "अर्धी भाकरी."

डॉक्टरांनी ते खोडून काढलं नाही.

आता मी दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खातो. दुपारी ती मला एक अख्खी भाकरी वाढते. अर्धी खाऊन झाली की पोट थांबतं. उरलेली अर्धी ताटात पडून राहते आणि ती हात पुढे करून तो तुकडा स्वतःच्या ताटात घेते. उद्या पुन्हा अख्खीच वाढते. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, माझ्या एकेका चुकीवर ती फाडफाड बोललेली आहे. त्या अर्ध्या भाकरीवर मात्र ती अजून एक शब्द बोललेली नाही, आणि ती बोलावी म्हणून मी रोज दुपारी ताटावर बसून वाट बघतो.