लाल काठाचा पंचा

मामाची मुलगी तिची आई गेल्यावर आमच्या कुंभवलीच्या घरी आली, तेव्हा आम्ही दोघी बारा वर्षांच्या होतो. चार वर्षांत तिनं माझं घर गिळलं. माशाचा मधला तुकडा तिला, वेणी आधी तिची, आणि पाहुणा आला की पहिला प्रश्न, "ती कुठं हाय?" ती म्हणजे मी नव्हेच.

कारण तिला दिसायचं. आमच्या घरी मयताचे कपडे दहाव्याला खाडीत सोडायची रीत. त्याआधी टोपलीतला एखादा कपडा ती तोंडाला लावायची आणि माणूस कसा गेला ते सांगायची. काकूचं लुगडं हुंगून म्हणाली, "काकूला पेज पायजे होती, कोणी दिली नाय." आई ढसाढसा रडली. काकू गेली त्या दुपारी तिच्याजवळ मी बसले होते, आणि काकूनं पेज मागितली होती. तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबलंच नाही. मीही लपूनछपून मेलेल्यांचे कपडे हुंगून पाहिले. मला फक्त घामाचा वास आला.

तेव्हा तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं आणि आसपास परगावच्या मजुरांच्या झोपड्या उठल्या होत्या. एका सकाळी आमच्या ताडांवर ताडी काढणारा माणूस ताडाखाली मेलेला सापडला. वरून पडला म्हणावं, तर चढायचा दोर बाजूला नीट गुंडाळून ठेवलेला, आणि डोक्यात मागून कोयत्याचा घाव. आदल्या दिवशी एका मजुराशी त्याची ताडीवरून बाचाबाची झाली होती. पोलिसांना तेवढं पुरलं. त्यांनी मजुराला धरून नेलं.

मेलेल्याला पुढेमागे कोणी नव्हतं. बाबांनी त्याचं सगळं क्रियाकर्म आपल्या अंगावर घेतलं, आणि गाव म्हणालं, माणूस असावा तर असा. मजुराची बायको रोज आमच्या अंगणात येऊन बसायची. "बिटिया से पुछवा दो," एवढंच म्हणायची. शेवटी ठरलं, दहाव्याला पोरगी जे सांगेल ते पोलीसपाटलाच्या कानावर घालायचं.

अख्खा गाव तिच्या तोंडाकडे बघणार! माझा नुसता जळफळाट झाला. हिला एकदा तोंडावर पाडायचीच, असं मी ठरवलं. दहाव्याच्या सकाळी टोपलीतला मयताचा पंचा काढून घेतला आणि वळणीवरचा बाबांचा ठेवला. बोईसरच्या बाजारातले लाल काठाचे पंचे, सगळ्या पुरुषांचे सारखेच.

तिनं पंचा तोंडाला लावला आणि पांढरीफटक पडली. मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

"मला कायपण दिसत नाय," ती म्हणाली.

लोक उठले. "थोतांड होतं सगळं," कोणीतरी बोललंच. मजुराला पुढे ठाण्याच्या तुरुंगात नेलं, तो परत आला नाही. त्याची बायको एक दिवस झोपडी मोडून निघून गेली. त्या दिवशी जेवताना मधला तुकडा मला मिळाला होता, आणि मी त्याचे काटेसुद्धा चोखून खाल्ले.

दोन वर्षांनी तिचं मासवणला लग्न ठरलं, तेही माझ्याआधी. हळद लावताना मला राहवेना. तिच्या कानाशी म्हटलं, "दहाव्याचा पंचा मी बदलला होता. म्हणून आपटलीस."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "तो मेल्याचा नव्हताच. मारणाऱ्याचा होता."

माझा हळदीचा हात तिच्या गालावर तसाच राहिला. खुनाआधी त्या उन्हाळ्यात ताडांवरून भांडण होऊन बाबा आणि तो ताडीवाला महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते, ते मला तेव्हा आठवलं.

"मला वाटलं, तुला समदं ठाऊक हाय, पण तोंडानं सांगवत नाय, म्हणून आतोबांचा पंचा आणून ठेवलास," ती म्हणाली. "मी बोलले असते तर तुजं घर मोडलं असतं. गप बसले. ती बाई अजून माज्या सपनात येते."

बाहेर बाबा मांडववाल्यांना पाणी देत होते. पंचा खांद्यावर होता.

ते पुढे पुष्कळ वर्षं जगले. मी कोणापाशी बोलले नाही. त्यांच्या दहाव्याला ती मासवणहून आली, पण टोपलीजवळ फिरकली नाही. टोपली खाडीवर मीच नेली. पाण्यात सोडण्याआधी पंचा उचलला आणि दोन्ही हातांनी तोंडाला लावला.

मला फक्त बाबांच्या घामाचा वास आला.